बंब, गीझर आणि दोनशे युनिट



आजचा भाग लढाईचा नाही, विजेच्या बिलाचा आहे. हसू नका. या मालिकेत आपण किल्ले पाहिले, मोहिमा पाहिल्या, रसदीचे हिशेब मांडले. घर चालवणं हीसुद्धा रसदीचीच गोष्ट आहे. आणि मी ज्या बेंगळुरूत निवृत्तीनंतर राहतो, त्या शहराला घरगुती विजेचा एक मोठा इतिहास आहे. तो शाळेत शिकवत नाहीत. मलाही तो नीट कळला तो एका हवालदारांमुळे.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. सॅपर्समध्ये माझ्याच कंपनीत असलेले हे हवालदार मूळचे चंदगडकडचे. आता हेब्बाळजवळ एका सोसायटीत सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर आहेत. एका रविवारी घरी आले, चहा झाला, पण उठेनात. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"साहेब, एक विचारू का? दर महिन्याला आमचं लाइटबिल शून्य येतं. या वेळी सोळाशेच्या वर आलंय. मीटर बिघडला असेल का?"

मी कागद पाहिला. २१४ युनिट. मीटर ठीक होता. कर्नाटकात जुलै २०२३ च्या वापरापासून 'गृहज्योती' योजना सुरू आहे. घरगुती ग्राहकाचा २०२२-२३ मधला सरासरी मासिक वापर काढायचा, त्यावर दहा टक्के वाढवायचे आणि तेवढी वीज मोफत द्यायची. त्याहून थोडी जास्त वापरली, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. पण महिन्याचा वापर दोनशेच्या पुढे गेला, तर सगळंच बिल भरायचं, पहिल्या युनिटपासून. हवालदारांची मर्यादा होती १३०. त्यांनी दोनशेची रेषा ओलांडली होती चौदा युनिटांनी. म्हणून सगळंच बिल भरायचं होतं, सोळाशेच्या वर.

"घरात कोणी वाढलंय का?" मी विचारलं.

"सूनबाई बाळंत झालीय साहेब, नोव्हेंबरात. मुलगी झाली. दोन वेळचं गरम पाणी लागतं, बाळाचं वेगळं. आता सांगतो तिला, जरा बेतानं वापर म्हणून."

खरं सांगतो, ते वाक्य मला टोचलं. घरात काटकसर करायची वेळ आली की तिची सुरुवात नेहमी बाईच्या वाट्यातून का होते? आणि तीही बाळंतिणीच्या पाण्यातून? मी म्हटलं, "हवालदार, सूनबाईंना काही सांगू नका. आधी हिशेब करू."

त्या हिशेबाकडे शेवटी येतो. आधी ही वीज घरात कशी आली ते पाहू. कारण ती ज्या वाटेनं आली, त्या वाटेतच आपल्या बिलाचं बरंचसं कोडं आहे.

आधी सोनं, मग दिवे, शेवटी घर

बेंगळुरूच्या दक्षिणेला कावेरी दोन फाट्यांनी कड्यावरून खाली उडी घेते, ते शिवनसमुद्र. १९०२ च्या जूनअखेरीस तिथलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. म्हैसूर संस्थानचे दिवाण होते सर के. शेषाद्री अय्यर. त्यांनी ही योजना पुढे रेटली, पण ती पूर्ण झालेली पाहायला ते राहिले नाहीत. १९०१ मध्येच गेले. योजना ज्यानं आखली तो अधिकारी आमच्याच बिरादरीचा, रॉयल इंजिनीअर्सचा. नाव जोली द लोटबिनिएर, कॅनडातल्या क्वेबेकचं घराणं. हा माणूस युरोप-अमेरिका फिरला, यंत्रं ठरवली आणि नदीकाठच्या जंगलात वीजघर उभं केलं. सॅपर म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

पण ती वीज गेली कुठे? बेंगळुरूला नाही. ती गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना, सुमारे ९२ मैल लांब. इतक्या दूर वीज नेणं ही त्या काळी जगातल्या मोठ्या पराक्रमांपैकी एक गोष्ट होती. खाणींतली कंपन्यांची यंत्रं त्या विजेवर चालू लागली. बेंगळुरूच्या रस्त्यावर दिवे लागले ते तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये.

इथे एक गैरसमज दूर करू. आशियात सर्वांत आधी विजेचे रस्त्यावरचे दिवे बेंगळुरूत लागले, असं इथे अभिमानानं सांगतात. ते बरोबर नाही. टोकियोत १८८२ मध्ये विजेचा दिवा रस्त्यावर लागला होता. कलकत्त्याला १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचं छोटं जलविद्युत केंद्र १८९७ चं. बेंगळुरूचं मोठेपण वेगळं आहे. दूरच्या नदीवर मोठ्या प्रमाणात वीज करायची आणि तारांवरून आणायची, हे आपल्या देशात या भागानं आधी करून दाखवलं.

महाराष्ट्रातही क्रम हाच होता. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी साठवायचं आणि वीज पाठवायची मुंबईला. कोणासाठी? मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. चाळीतल्या खोलीत मात्र अजून कंदीलच होता.

हा क्रम लक्षात ठेवा. विजेचं पहिलं गिऱ्हाईक खाण, दुसरं गिरणी किंवा रस्ता, आणि घर सर्वांत शेवटी. त्यामुळे वीज खात्यांचा विचार करण्याचा साचा कायम एकच राहिला: मागणी किती आणि पुरवठा किती. त्या विजेनं घरात नेमकं काय होतं, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

मागणी वाढली की नवं धरण. उन्हाळ्यात कावेरीचं पाणी घटायचं आणि खाणींना वीज कमी पडायची. कृष्णराजसागर धरणामागे शेतीबरोबरच हेही मोठं कारण होतं. काम १९११ मध्ये सुरू झालं, विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली. विश्वेश्वरय्या इंजिनीअरिंग शिकले आपल्या पुण्यात आणि त्यांची नोकरीची पहिली वर्षं मुंबई इलाख्यात गेली, हे जाता जाता सांगतो. मग १९४८ मध्ये जोगचं वीजघर. मग १९६४-६५ पासून शरावतीचं मोठं केंद्र, ज्याची क्षमता पुढे १,०३५ मेगावॉटपर्यंत गेली. लिंगनमक्की धरणाच्या पाण्याखाली सागर तालुक्यातली गावं गेली, भाताची खाचरं गेली, सुपारीच्या बागा गेल्या. ज्यांनी कोयनेच्या धरणग्रस्तांची गोष्ट ऐकली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू? दशकही तेच, दुःखही तेच.

म्हणून म्हणतो, भिंतीवरचं बटण दाबताना वीज फुकट आली असं वाटलं, तरी तिची किंमत कोणीतरी आधी मोजलेली असते.

बंब विझला, गीझर लागला

आता घरात येऊ. माझं बालपण बेळगावात गेलं. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. बंब म्हणजे मधोमध जाळाची नळी आणि तिच्या सभोवती पाणी. खाली जाळ, वरून धूर बाहेर, आणि जाता जाता उष्णता पाण्याला. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध. आमची आजी त्यात करवंट्या, शेणकुटं, झाडाच्या वाळक्या काटक्या, दिवाळीनंतरचा कचरासुद्धा घालायची. विकतचं सरपण फक्त पावसाळ्यात. इकडे जुन्या म्हैसूर भागात भिंतीत बसवलेला तांब्याचा हंडा असायचा आणि त्याखाली चूल.

बंबाचा एक गुण होता. पाणी किती लागणार, तेवढाच जाळ. अंघोळी संपल्या की जाळ संपला. धुरानं आजीचे डोळे मात्र आयुष्यभर लाल राहिले, हेही विसरून चालणार नाही. बंब परत आणा असं मी म्हणत नाही.

मग गीझर आला. धूर गेला, राख गेली, पहाटे उठून जाळ घालणं गेलं. बायकांच्या मागचं केवढं काम कमी झालं. पण गीझरचा जाळ दिसत नाही. तो चालू राहिला तरी कोणाच्या डोळ्यांत धूर जात नाही. बिल महिन्यानं येतं, तोवर सगळं विसरलेलं असतं.

आणि लाखो घरांतले गीझर एकाच वेळी, सकाळी सहा ते नऊमध्ये लागतात. दिवसभर वीज पुरली तरी त्या तीन तासांसाठी जास्तीचं वीजघर लागतं. बेंगळुरूत १९८० च्या दशकात हे फार जाणवत होतं. १९८५ मध्ये रायचूरचं कोळशाचं केंद्र सुरू होईपर्यंत कर्नाटकची वीज जवळजवळ सगळी पाण्यावर होती. पाऊस हुकला की वीज हुकली. मी तरुण अधिकारी म्हणून तेव्हा काही आठवडे इथे कामासाठी आलो होतो. संध्याकाळी दिवे गेले की मेसमध्ये कंदील यायचे. पंख्यावाचून मात्र कोणाचं अडत नव्हतं, इतकी हवा थंड.

रेड्डींनी उलटा विचारलेला प्रश्न

याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत, एक प्राध्यापक होते. अमूल्य कुमार एन. रेड्डी. जन्म बेंगळुरूचाच, १९३० चा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट, विद्युतरसायन हा विषय. बोक्रिस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं त्या विषयाचं पाठ्यपुस्तक जगभर वापरलं गेलं. असा माणूस आयुष्यभर प्रयोगशाळेत सुखानं राहिला असता. पण १९७४ मध्ये त्यांनी संस्थेत 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. काम होतं, ग्रामीण भागासाठी विज्ञान. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्र गावी त्याचं केंद्र होतं. या गटानं सुधारलेली चूल तयार केली, ती 'अस्त्र ओले'. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. तीन भांडी एका जाळावर, आणि धूर धुराड्यातून बाहेर. म्हणजे बंबाचीच अक्कल स्वयंपाकघरात.

गावातल्या चुली मोजता मोजता रेड्डींना एक साधी गोष्ट दिसली. माणसाला ऊर्जा नको असते. त्याला शिजलेला भात हवा असतो, उजेड हवा असतो, अंघोळीला ऊन पाणी हवं असतं, शेताला पाणी हवं असतं. मग नियोजन करताना 'वीज किती लागेल' असं का विचारायचं? 'काम कोणतं आहे, आणि ते कमीत कमी ऊर्जेत कसं होईल' असं विचारा.

१९८७ मध्ये कर्नाटकाच्या वीज नियोजन समितीनं अंदाज मांडला की २००० सालापर्यंत राज्याला सुमारे ४७.५ अब्ज युनिट वीज आणि ९,४०० मेगावॉट क्षमता लागेल. त्यासाठी नवी धरणं, कोळसा, अणुवीज, सगळं हवं होतं. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच हिशेब खालून वर केला. किती घरांत किती दिवे? ते साध्या बल्बऐवजी कमी विजेचे लावले तर? गीझरच्या जागी छपरावर सौर बंब किंवा गॅस आला तर? शेतातले पंप सुधारले तर? शिवाय ज्या घरांत वीज नाही, त्या सगळ्यांना ती द्यायची हेही गृहीत धरलं. उत्तर आलं, सुमारे १८ अब्ज युनिट आणि ४,००० मेगावॉट. म्हणजे निम्म्याहूनही कमी. ब्राझीलचे शास्त्रज्ञ जोसे गोल्डेम्बर्ग यांच्यासोबत त्यांनी १९९० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हे जगापुढे मांडलं. १९९१ मध्ये बेंगळुरूत 'इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्ह' ही संस्था उभी केली.

याच धर्तीचा हिशेब पुढे पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी मांडला. तोवर दाभोळचा करार होऊन गेला होता. महागडी वीज आधी विकत घ्यायची आणि मग ती परवडत नाही म्हणून २००१ मध्ये घेणं थांबवायचं, हे महाराष्ट्रानं भोगलं. 'गरज किती' हे तपासायच्या आधी 'पुरवठा आणा' म्हटलं की काय होतं, त्याचा तो धडा.

मी रेड्डींना कधी भेटलो नाही. ते २००६ मध्ये गेले. पण त्यांचं लिखाण वाचताना मला उत्तरेतली, बर्फातली आमची चौकी आठवली. तिथे रॉकेल वीस लिटरच्या जेरीकॅनमधून यायचं. शेवटचा टप्पा हमालाच्या पाठीवर. बंकरमध्ये बुखारी पेटायची. नवा आलेला जवान म्हणायचा, थंडी वाजते, बुखारी मोठी करा. जुना सुभेदार म्हणायचा, आधी फटी बुजवा. जुनी ब्लँकेटं, पोती, जे मिळेल ते. धुराडं आणि हवेची वाट मात्र मोकळी ठेवायची, नाहीतर जीव जातो. फटी बुजल्या की त्याच ऊबेला कमी रॉकेल लागायचं. जवान थंडीत कुडकुडत राहिला पाहिजे असं सुभेदारसाहेबांचं म्हणणं नव्हतं. ऊब तेवढीच हवी, पण हमालाच्या पाठीवर एक जेरीकॅन कमी.

रेड्डींचं शास्त्र आणि सुभेदारांचं शहाणपण, दोन्ही एकच.

बल्ब, छप्पर आणि पंखा

या विचाराचं पुढे काय झालं? सगळं नाही, पण बरंच काही या शहरात उतरलं.

पहिली गोष्ट उजेडाची. २००४-०५ मध्ये इथल्या वीज कंपनीनं, बेसकॉमनं, कमी विजेचे सीएफएल दिवे ग्राहकांना द्यायची योजना आणली. दिवा महाग होता, म्हणून पैसे बिलातून हप्त्यांनी. वीज विकणारी कंपनीच कमी वीज वापरा म्हणून दिवे देते, हे लोकांना तेव्हा विचित्र वाटलं. दहा वर्षांनी, २०१५ च्या जानेवारीत, देशभर एलईडीची 'उजाला' योजना आली. एकगठ्ठा खरेदीमुळे जो बल्ब २०१४ मध्ये सरकारला ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. ६० वॉटच्या बल्बचं काम आज ९ वॉटमध्ये होतं.

दुसरी गोष्ट छपराची. बेंगळुरूत विमानातून उतरताना खाली पाहिलंत तर गच्च्यांवर सौर बंबांच्या रांगा दिसतात. हे आपोआप झालं नाही. २००७ मध्ये राज्य सरकारनं नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा केला. बंब बसवलेल्या घराला बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूट मिळत आली. पन्नास रुपये ही मोठी रक्कम नाही. पण सवय लागली. इथल्या गवंड्याला, प्लंबरला, घरमालकाला सौर बंब हा पाण्याच्या टाकीइतकाच नेहमीचा वाटू लागला.

तिसरी गोष्ट पंख्याची. शहर तापलं, झाडं गेली, तळी बुजली. जिथे पंखा लागत नव्हता तिथे तो रात्रभर फिरू लागला. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. नवे बीएलडीसी पंखे ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास फिरला, तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. वस्तू घेताना नुसते तारे मोजू नका. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. फ्रिजच्या किंवा एसीच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. तो आकडा वाचा.

हवालदारांचं घर

आता त्या कागदाकडे परत. पुढच्या रविवारी मी हवालदारांच्या घरी गेलो. पाळण्यात नात झोपली होती. सूनबाईंनी कॉफी आणली. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता. बिलाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

मी त्यांनाच हिशेब सांगितला. "हे बघा, वीस लिटरची एक बादली. बेंगळुरूच्या हिवाळ्यातलं गार पाणी अंघोळीइतकं ऊन करायला साधारण अर्धं युनिट लागतं. तुमच्या आणि बाळाच्या मिळून रोज दोन बादल्या जास्त धरल्या, तरी एक युनिट. महिन्याला तीस. वाढ नक्की कुठून झाली ते शोधू. तुमच्या अंघोळीला कोणी हात लावणार नाही."

मग आम्ही घर तपासलं, शस्त्रागार तपासतात तसं.

गीझरचं बटण चालूच होतं. बाळाला कधीही पाणी लागतं म्हणून चोवीस तास. आतलं पाणी आपोआप गार होतं, गीझर पुन्हा तापवतो, पुन्हा गार होतं. त्यात रोज अर्धं-पाऊण युनिट नुसतं हवेत जातं. तापमानाचा खटका शेवटच्या आकड्यावर होता. इतकं कढत पाणी की त्यात तितकंच गार मिसळायचं. फ्रिज जुना, दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. कागद ठेवून दार लावलं तर कागद सहज सरकत होता. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स रात्रंदिवस चालू. हात लावला तर गरम. दहा वॉट घेणारी अशी पेटी महिन्याला सात युनिट खाते. दिवे सगळे एलईडीचे होते, तिथे काही मिळवण्यासारखं नव्हतं.

गीझर अंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं लावायचा. खटका मधे. बाळाच्या पाण्यासाठी थर्मास. फ्रिजचं रबर बदललं. टीव्ही बंद करताना भिंतीवरचं बटणही बंद. जानेवारीचा वापर आला १७१. दोनशेच्या आत. १३० मोफत, वरच्या ४१ युनिटांचे पैसे, अडीचशेच्या आसपास.

हवालदार खूश. पण मला एक गोष्ट खुपत होती. घराच्या गच्चीवर सौर बंब होता! तो तीन वर्षं बंद पडलेला. बोअरचं जड पाणी, नळ्यांत क्षार साचून दगड झालेला. बेंगळुरूत हे घरोघरी दिसतं. मालक म्हणाले, "भाडेकरूचं बिल भाडेकरू भरतो, मी कशाला खर्च करू?" त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. इथेच सगळ्या योजना अडतात. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. रेड्डींनी केलेला हिशेब राज्याचा असो की आपल्या घराचा, हा तिढा सोडवल्याशिवाय कागदावरच राहतो.

शेवटी आम्ही तिघं गच्चीवर बसलो. नळ्या साफ करण्याचा खर्च अर्धा मालकांनी, अर्धा हवालदारांनी द्यायचा. बंबाची एक वाहिनी खालच्या घरात आणायची. आणि दरवर्षी क्षार काढून घ्यायचा. मालकांच्या घरचाही गीझर त्यामुळे थांबणार होता, हे त्यांना मीटरवर दाखवलं तेव्हा ते तयार झाले. फेब्रुवारीत ऊन कडक झालं. त्या महिन्याचा वापर १२६. बिल शून्य.

गृहज्योतीबद्दल एक निरीक्षण सांगतो, राजकारण म्हणून नाही. योजनेनं गरीब घरांचा मोठा भार उतरवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तिचं माप जुन्या वापरावर आहे. जे घर आधीपासून काटकसरी होतं, त्याचा मोफत वाटा लहान. ज्यानं जास्त वापरली, त्याचा मोठा. आणि शून्य बिल आलं की कोणी मीटरकडे पाहत नाही. हवालदारांनी दीड वर्षात एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, बिल शून्य असो की हजार, दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला पंचेचाळीसच्या आत आहात का, एवढंच बघा. आणि बिलावर मंजूर भार किती किलोवॉट लिहिला आहे तेही पाहा. स्थिर आकार त्यावर लागतो. गरजेपेक्षा जास्त भार मंजूर असेल, तर अर्ज करून तो कमी करता येतो.

परवा हवालदारांचा फोन आला होता. नात चालायला लागली. "साहेब, तिला अंघोळ फार आवडते. बादलीतून उठतच नाही."

मी म्हटलं, "बसू द्या की. पाणी उन्हानं तापलंय."

एवढंच आजच्यासाठी. पुढच्या भागात पुन्हा आपल्या किल्ल्यांकडे वळू, आणि गडावर पाणी कसं साठवत होते ते पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.